स्लॅबवरचा खजाना

गावाकडे नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही. आणि पावसाळ्यात मात्र तेच पाणी आपल्या डोळ्यांदेखत गटारात! बीडमधल्या एका साध्यासुध्या घरात पावसाचं पाणी धरून ठेवण्याचा हा उद्योग... फजितीसकट.

रात्री दोन वाजता मोबाइल वाजला की पूर्वी छातीत धस्स व्हायचं. आता सवय झालीय. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आईचा मेसेज असतो, 'नळ आला'. बस्स, दोनच शब्द. म्हणजे बीडला आमच्या गल्लीत पाणी सुटलंय आणि साठी ओलांडलेली माझी आई मोटर लावून, हातात नळी धरून अंगणात उभी आहे. मेसेज कशासाठी? तर हिशेबासाठी! मागचं पाणी कोणत्या तारखेला आलं होतं, मग पुढचं साधारण कधी येईल, हे त्या ग्रुपवरून कळतं. आठ दिवस, दहा दिवस, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त.

आणि मी? मी हिंजवडीची सेकंड शिफ्ट संपवून वाकडच्या फ्लॅटमध्ये शॉवरखाली उभी असते. गरम, भरपूर, चोवीस तास. मेसेज वाचून नळ बंद करते, पण मनातली टोचणी काही बंद होत नाही.

तुमच्यापैकी कितीतरी जणांचं असंच असेल. ऑफिस पुण्या-मुंबईत आणि घर बीड, लातूर, जालना, धाराशिवकडे. आपण घरी पैसे पाठवतो, दिवाळीत टीव्ही नेतो, ऑनलाइन औषधं मागवून देतो. पण पाणी? ते कुठल्याच अॅपवर येत नाही ना राव!

दोन बादल्या आणि बाकी सगळं नालीला

या सगळ्याची सुरुवात झाली जुलैतल्या एका वीकेण्डला. मी घरी गेले होते. दुपारी मस्त ताणून दिली होती आणि धो धो पाऊस सुरू झाला. आईने हाकच मारली, ''अगं, पाऊस पडायलाय आन् तू झोपायलीस काय? बादल्या लाव की पाइपाखाली!''

स्लॅबच्या कोपऱ्यातल्या पाइपातून पाण्याची जाडजूड धार अंगणात पडत होती. आम्ही दोघी धावलो. बादल्या, पातेली, घमेलं, शेवटी कुकरसुद्धा! दहा मिनिटांत घरातलं एकूण एक भांडं भरलं. धार मात्र चालूच. अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून नालीत.

पप्पा ओट्यावर खुर्ची टाकून बघत होते. म्हणाले, ''दोन बादल्या धरल्या, अन् बाकी सगळं नालीला.''

त्या रात्री मी लॅपटॉप उघडला आणि एक्सेल शीट बनवायला घेतली. दुसरं काय येतं आपल्याला!

पाऊस कुठे कमी आहे?

हिशेब एकदम सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आमचा स्लॅब हजार स्क्वेअर फुटांचा, म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. बीड जिल्ह्याचा वर्षाचा पाऊस सरासरी ६०० ते ७०० मिलिमीटरच्या घरात. आपण कमीत कमी म्हणजे ६०० धरू. त्यातलं थोडं उडणार, थोडं स्लॅब पिणार, म्हणून वीस टक्के सोडून देऊ. उरतं किती? जवळजवळ ४५ हजार लिटर! पाच हजार लिटरवाले नऊ टँकर आमच्या डोक्यावरून दर वर्षी फुकट वाहून जातात.

'पण दुष्काळाच्या वर्षी काय?' अगदी बरोबर प्रश्न. समजा, पाऊस निम्माच झाला. तरी २२ हजार लिटर. दोन माणसांना पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून रोज २० लिटर लागतात असं धरलं, तर वर्षाचे होतात ७,३००. म्हणजे दुष्काळातही गरजेच्या तिप्पट पाणी स्लॅबवर पडून जातं.

आता एक गंमत सांगते. खुद्द पुणे शहरात पाऊस किती पडतो? सरासरी ७०० ते ७५० मिलिमीटर. बीडपेक्षा फार काही जास्त नाही! मग वाकडला, कोथरूडला नळ वाहतो कसा? तर पुण्याच्या पश्चिमेला घाट आहे. तिथे प्रचंड पाऊस पडतो आणि तो धरायला पानशेत, वरसगाव, खडकवासला, पवना अशी धरणं बसलीत. म्हणजे पुणेकर आपल्या डोक्यावरचा पाऊस पीत नाहीत, घाटातला साठवलेला पितात. बीडला असा घाट शेजारी नाही. पाऊस येतो तो मोजक्या दिवसांत, दणक्यात, आणि वाहून जातो. कमी आहे ते साठवायचं भांडं.

'आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' ही म्हण आपण ऑफिसात अप्रेझलच्या वेळी वापरतो. तिचा खरा अर्थ मला त्या एक्सेल शीटने शिकवला.

हे शहर पाण्याला खजाना म्हणायचं!

पाणी साठवणं बीडला कुणी नव्याने शिकवायला नको. सोलापूरच्या रस्त्याला, शहरापासून पाच-सहा किलोमीटरवर खजाना बावडी आहे. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बीडचा जहागीरदार सलाबत खान याने ती बांधवून घेतली. रचना केली राजा भास्कर नावाच्या वास्तुकाराने.

वरून पाहिलं तर साधी गोल विहीर वाटते. खरी करामत जमिनीखाली आहे. दगडात बांधलेल्या भुयारी मार्गांनी आजूबाजूचं मुरलेलं पाणी विहिरीत येतं आणि दुसऱ्या मार्गाने, नुसत्या उताराच्या जोरावर, खाली शेतांकडे जातं. मोट नाही, पंप नाही, विजेचं बिल नाही! सव्वाचारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीचं हे इंजिनीअरिंग पाहून आपली मान आपोआप खाली जाते. शाळेच्या सहलीत मी तिथे फक्त डबा खाल्ला होता.

शहरातलं कंकालेश्वराचं जुनं मंदिर घ्या. ते उभंच आहे पाण्याच्या कुंडात. आणि आपल्या मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरं आठवा. मातीचं सपाट छत, त्याला एका बाजूला उतार, टोकाला पन्हळ, आणि वाड्यात कुठेतरी आड. आजीच्या पिढीला पागोळ्यांखाली घागर ठेवायला कुणी ट्रेनिंग दिलं नव्हतं. मग सिमेंटचे स्लॅब आले, नळ आले, बोअर आले आणि पन्हळीचं तोंड आपण नालीकडे वळवलं.

आमची पहिली फजिती

उत्साहाच्या भरात मी काय केलं असेल? दुसऱ्याच दिवशी दुकानातून चार इंची पीव्हीसी पाइप आणला आणि स्लॅबचं पाणी थेट अंगणातल्या हौदात सोडून दिलं. गाळणी नाही, जाळी नाही, काही नाही. मिस्त्री म्हणत होते, ''भैय्याला नाहीतर काकांना विचारून घ्या ताई, घाई नका करू.'' पण ऐकेल कोण!

त्या रात्री पाऊस झाला. सकाळी हौदाचं झाकण उघडलं तर चहाच्या रंगाचं पाणी. कबुतरांची विष्ठा, शेजारच्या लिंबाचा पाला, वर्षभराची धूळ, आईने वाळत घातलेल्या मिरच्यांची देठं... सगळं आत. नळाचं जपून भरलेलं पाणी त्यातच होतं, तेही गेलं. हौद उपसला, घासला आणि टँकर मागवला. आई एक शब्द बोलली नाही. तेच जास्त लागलं.

फजितीतून मिळालेला पहिला धडा म्हणजे पावसाचं पाणी स्वच्छ असतं, आपला स्लॅब नसतो!

मग सेटिंग असं लावलं

पुढच्या खेपेला मिस्त्रींचं ऐकून काम केलं. नळाचा हौद नळालाच ठेवला. पावसासाठी अंगणात सिमेंटचा ओटा करून त्यावर पाच हजार लिटरची काळी टाकी बसवली. काळीच का? आत उजेड गेला नाही की शेवाळ धरत नाही.

स्लॅबवरून येणाऱ्या पाइपाला दोन फाटे काढले. एक नालीकडे, एक टाकीकडे, आणि दोन्हींना व्हॉल्व्ह. जूनमधला पहिला पाऊस अख्खा नालीकडे सोडायचा. त्यानंतरही खूप दिवसांनी पाऊस आला तर सुरुवातीचं पाणी सोडून द्यायचं आणि नितळ दिसायला लागलं की टाकीकडचा व्हॉल्व्ह उघडायचा. आमच्या स्लॅबला साधारण दोनशे लिटर असं वाया जातं. जाऊ द्या, तो स्लॅबचा आंघोळीचा कोटा!

टाकीच्या आधी एक प्लॅस्टिकचा ड्रम आहे. त्यात तळाला मोठी खडी, त्यावर बारीक खडी, वर धुतलेली वाळू, आणि तोंडाला जाळी. पाणी यातून गाळून मगच टाकीत पडतं. दर पावसाळ्याआधी वाळू काढून धुवायची. टाकीच्या तळापासून थोडा वर नळ बसवलाय, म्हणजे खाली बसलेला गाळ हंड्यात येत नाही.

एक चांगला, ७० मिलिमीटरचा पाऊस झाला की ही टाकी काठोकाठ भरते. म्हणजे पावसाळ्यात ती कितीतरी वेळा भरते आणि रिकामी होते. तेव्हा आई बिनधास्त कपडे धुते, फरशी पुसते, गाद्यांचे अभ्रे काढते. पण ऑक्टोबरच्या मध्यावर परतीचा पाऊस संपला की नियम बदलतो. शेवटची भरलेली टाकी फक्त पिण्याला आणि स्वयंपाकाला. दोघांचे रोज २० लिटर, म्हणजे २५० दिवस. कॅलेंडर उघडा आणि मोजा. ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत! पुढचा पाऊस दारात येतो तोवर.

पिण्याचं पाणी आई गाळून, उकळून घेते. यात अजिबात शॉर्टकट नको. स्लॅबला डांबराचं वॉटरप्रूफिंग असेल तर ते पाणी पिऊच नये, वापरायला ठेवावं. शंका असेल तर भूजल सर्वेक्षण विभागाच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना तपासून मिळतो.

आणि एक बोनस आम्हाला कुणी सांगितलाच नव्हता. आमच्या बोअरचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही. पावसाचं पाणी हलकं. आईचा पहिला रिव्ह्यू काय होता सांगू? ''दोन शिट्ट्यांत डाळ शिजली बघ!'' पाच स्टार!

डास नावाचा पाहुणा

दुसरी फजिती छोटी होती. टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी लावायची राहून गेली आणि आठवड्याभरात आत डासांच्या अळ्या. डेंग्यूचा डास घाणीत नाही, साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. म्हणून टाकीचं झाकण घट्ट, प्रत्येक उघड्या तोंडाला बारीक जाळी, आणि बाहेरच्या बादल्या-पिंपांसाठी आठवड्यातून एक कोरडा दिवस. पाणी साठवून घरात ताप आणायचा नाहीये आपल्याला.

बोअरलाही पाजा

टाकी भरल्यावर पुढचं पाणी कुठे जातं? आता नालीत नाही. ओव्हरफ्लोचा पाइप बोअरभोवतीच्या खड्ड्यात सोडलाय. खड्ड्यात खाली मोठे दगड, मग खडी, वर वाळू. पाणी हळूहळू मुरतं.

बीडची जमीन म्हणजे काळा बेसाल्ट, आपला दख्खनचा दगड. हा स्पंजसारखा पाणी पीत नाही. वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत मावेल तेवढंच पाणी धरतो. म्हणून नुसतं खोल खोल बोअर मारत जाण्याला काही अर्थ नसतो. आत काही भरलंच नाही तर निघणार काय? पण हात जोडून सांगते, स्लॅबचं पाणी न गाळता थेट बोअरच्या केसिंगमध्ये सोडू नका. एकदा भूजल घाण झालं की हौदासारखं ते उपसून घासता येत नाही.

हे मुरवलेलं पाणी आपल्याच बोअरला येईल याची गॅरंटी मात्र नाही. भेगा कंपाउंड वॉल ओळखत नाहीत. शेजारच्या काकू हसत म्हणतात, ''पाणी तुमचं आन् मोटर आमची!'' पप्पांचं उत्तर ठरलेलं, ''मग तुम्ही बी मुरवा की, आमची बी मोटर चालंल.''

आईची बाग

पाण्याच्या टंचाईत पहिला बळी जातो तो झाडांचा. आमची जास्वंद एका मे महिन्यात अशीच गेली. आता अंगणात कढीपत्ता आहे, लिंबू आहे, शेवगा आहे आणि कोपऱ्यात सीताफळ. बालाघाटच्या डोंगरातलं हे सीताफळ म्हणजे बीडची शान, त्याला भौगोलिक मानांकनसुद्धा आहे. बिचारं मागतही काही नाही, पावसाच्या पाण्यावर भागवतं.

झाडांसाठी आईची युक्ती जुनी आहे. झाडाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्याने भरायचं आणि वर झाकणी ठेवायची. मडकं पाझरतं आणि मुळं हवं तेवढं पितात. भोवती उसाचं पाचट नाहीतर वाळका पाला पसरायचा, म्हणजे ओल उडत नाही. पावसाळ्यानंतर या मडक्यांत भाज्या-डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी जातं. टाकीतलं नाही. त्यावर आईची कडक नजर असते!

एवढ्याने दुष्काळ हटेल?

नाही. खोटं कशाला बोलू?

मांजरा नदी आमच्या पाटोदा तालुक्यात उगम पावते. तिच्यावरचं धरण केज तालुक्यात धनेगावला. त्यावर लातूर शहराची तहान भागते. २०१६ मध्ये ते धरण आटलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर. देशभर फोटो छापून आले. आता माझी एक्सेल शीट सांगते की सरासरीच्या वर्षी पाच लाख लिटर पाणी आमच्यासारख्या अकरा-बारा स्लॅबवर पडतं. पाऊस निम्मा असेल तर बावीस-तेवीस स्लॅबवर. एका गल्लीत तेवढी घरं असतात!

पण शेतीचं, जनावरांचं, ऊसतोडीला सहा-सहा महिने घर सोडून जाणाऱ्या माणसांचं पाणी स्लॅबवर मावत नाही. ते डोंगरावर आणि शिवारातच अडवावं लागतं. अंबाजोगाईत 'मानवलोक' ही संस्था १९८२ पासून दुष्काळी भागात काम करतेय. पानी फाउंडेशनने २०१६ मध्ये पहिली वॉटर कप स्पर्धा घेतली ती राज्यातल्या तीनच तालुक्यांत. वरूड, कोरेगाव आणि आपलं अंबाजोगाई. गावातली माणसं कुदळ-फावडं घेऊन माळावर समतल चर खोदत होती. ते माळावर जे करत होते तेच आपण स्लॅबवर करायचंय. पळणाऱ्या पाण्याला जरा थांबवायचं.

आणि हे फक्त उन्हाळ्यासाठी नाही. १९८९ मध्ये बिंदुसरेच्या पुराने बीड शहरात हाहाकार उडवला होता. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने जिल्ह्यातली उभी पिकं पाण्याखाली गेली. एका स्लॅबने पूर थांबत नाही, हे खरं. पण ज्या जिल्ह्यात टंचाई आणि पूर दोन्ही येतात, तिथे पाणी धरायची आणि मुरवायची सवय हवीच.

फ्लॅटमध्ये राहता? मग हे करा...

* सोसायटीच्या टेरेसवरून खाली येणारे पाइप कुठे जातात ते एकदा बघून या. बहुतेक वेळा थेट गटारात जातात. पाइप आधीच आहेत, फक्त त्यांचं तोंड वळवायचंय.

* बिल्डिंग नवी असेल तर रेनवॉटर हार्वेस्टिंग कागदावर नक्की असेल. मुंबईत २००२ पासून मोठ्या नव्या बांधकामांना ते सक्तीचं झालं. मुंबई सोडून बहुतेक राज्याला लागू असलेल्या २०२० च्या नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवर ते लागतंच. कागदावरचा खड्डा जागेवर चालू आहे का, एवढंच सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारा.

* तमिळनाडूने २००३ मध्ये राज्यभरातल्या इमारतींना हे सक्तीचं केलं. आपणही सेक्रेटरींच्या मागे लागायला काय हरकत आहे?

* पुण्यासारख्या ठिकाणी अशा सोयीसाठी मालमत्ता करात सवलत मिळते. कमिटीला पटवायला हा मुद्दा हमखास चालतो!

* पावसाळ्याआधी टेरेस झाडून घ्या, जाळ्या साफ करा. एका रविवारची सकाळ पुरते.

* आणि गावाकडे घर असेल तर येत्या मे महिन्यातली दोन दिवसांची सुट्टी त्यासाठी राखून ठेवा. जूनमध्ये मिस्त्री सापडत नाहीत!

ता. क.

गेल्या मे महिन्यात घरी गेले होते. बाहेर बेचाळीस डिग्री. आईने काळ्या टाकीचा नळ सोडला, पातेलं भरलं आणि चहा टाकला. पप्पा म्हणाले, ''ऑक्टोबरचा पाऊस प्यायलो बघ आपण.''

'नळ आला'चे मेसेज अजूनही येतात. वापरायच्या पाण्यासाठी नळ लागतोच. पण परवा सकाळी ग्रुपवर पप्पांनी विचारलं होतं, 'रात्री नळ आला होता का?' आईचं उत्तर होतं, 'आलं असंल. झोपले होते मी.'

खरं सांगते, आजवर आईने पाठवलेला हा सगळ्यात भारी मेसेज आहे.